दहा वर्षांचें वचन

अनाथ मुलाच्या डोक्यावरून हात फिरविण्यास एक क्षण पुरतो. त्याला शिकवून स्वतःच्या पायांवर उभें करण्यास मात्र वर्षानुवर्षें लागतात. हें अंतर ज्यांनीं स्वानुभवानें ओळखलें, त्या पंडिता रमाबाईंच्या कार्याची एक बाजू आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत, १८७४ सालीं, त्यांचे आईबाप थोड्याच महिन्यांच्या अंतरानें निवर्तले. पुढें थोरली बहीणहि गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायीं भटकत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. जवळ धन नव्हतें. आईनें मुखोद्गत करविलेलें संस्कृत तेवढें होतें. त्याच विद्येवर तेथील पंडितांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. पोरक्या जिवास विद्येचा आधार मिळाला तर काय घडतें, याचें उदाहरण त्या स्वतःच होत्या.

पुढें अमेरिकेंत त्यांनीं बालविधवांच्या शाळेकरितां साह्य मागितलें. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झालें. सभासदानें वर्षाला निदान एक डॉलर द्यावा, आणि तो दहा वर्षें द्यावा, अशी योजना होती. रक्कम लहान, पण मुदत लांब! एखाद्या धनिकाच्या लहरीवर शाळा टांगून ठेवण्यापेक्षां हजारों सामान्य माणसांचें वचन अधिक भरंवशाचें ठरलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. तेथें आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह होऊन ती आनंदीबाई झाली, आणि जिला इतरांनीं शिकविलें तिनेंच पुढें कर्व्यांच्या आश्रमासाठीं वर्गणी गोळा केली.

परंतु त्या वचनाला दोन मर्यादा होत्या. एक काळाची, दुसरी कक्षेची: तें साह्य उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठींच होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. तेथें उपाशी, पोरक्या मुली सर्व जातींच्या होत्या. सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणल्या आणि केडगांवच्या जमिनीवर मुक्तिसदन उभें केलें. त्याचा खर्च मुख्यतः ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या देणग्यांतून चाले. धर्मांतराच्या शंकेनें १८९३ सालींच शारदासदनांतून अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या होत्या. ती शंका येथेंहि सुटली नाहीं. देणाऱ्याची श्रद्धा आणि घेणाऱ्याचें स्वातंत्र्य यांचा मेळ घालणें रमाबाईंसहि सोपें गेलें नाहीं, हें इतिहासानें प्रांजळपणें नोंदविलें पाहिजे.

मात्र केडगांवीं मुली नुसत्या पोसल्या गेल्या नाहींत. त्या अक्षर शिकल्या, शेती, विणकाम व छपाई शिकल्या. इकडे दहा वर्षांची मुदत संपतांच १८९८ सालीं रमाबाईंना पुन्हां अमेरिकेस जावें लागलें, आणि असोसिएशनची नव्यानें घडी बसवावी लागली. वचन संपलें, तरी शिकणाऱ्या मुली संपल्या नव्हत्या.

यांतून एक हिशेब मनाशीं धरावा. अनाथाचें पालकत्व पत्करणाऱ्यानें प्रथम आपली ऐपत मोजूं नये. त्या मुलाच्या शिक्षणाचीं वर्षें मोजावीं. मग त्या वर्षांना पुरेल एवढेंच, पण न तुटणारें वचन द्यावें. अर्ध्या वाटेवर हात सोडला, तर तें मूल दुसऱ्यांदा पोरकें होतें.