वाचनालयाचे दप्तर आणि रहस्यकथा

पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता भीमा ओलांडून माढे तालुक्यात शिरला, की ज्या ठिकाणी त्यास करमाळ्याकडील आणि पंढरपुराकडील अशा दोन्ही वाटा येऊन मिळतात, ते टेंभुर्णी हे गाव वाटसरूंच्या स्मरणात बहुधा चहाच्या टपऱ्या, उसाच्या गाड्या आणि एस. टी.चा थांबा एवढ्यापुरतेच राहते. परंतु ज्या कोणा लेखकास लहान गावच्या सार्वजनिक वाचनालयात घडणाऱ्या, रक्तापेक्षा कुतूहलावर पोसलेल्या, अशा सौम्य रहस्यकथांची मालिका लिहावयाची असेल, त्याने पुण्या-मुंबईचा नाद सोडून याच मुलुखात बिऱ्हाड करावे, असे मी आग्रहाने म्हणेन. मराठी रहस्यकथा गावोगावच्या वाचनालयांनी जगविली, आणि तरीही त्या कथेच्या लेखकांना आपल्या या पोशिंद्याच्या दारात कथा मांडण्याची बुद्धी क्वचितच झाली, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक चमत्कारिक विरोध आहे.

या मुलुखात गूढांचा तुटवडा कधीच नव्हता. टेंभुर्णीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते सदाशिवपंत माणकेश्वर हे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी. त्यांची सद्दी मावळून त्रिंबकजी डेंगळ्यांची चढती कमान सुरू झाली, त्या दिवसांत, म्हणजे २० जुलै १८१५ च्या रात्री, आषाढीच्या यात्रेस आलेले गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जवळच्याच पंढरपुरात खून झाला. प्रकृती बरी नाही असे सांगून शास्त्र्यांनी त्या रात्री देवदर्शनास येण्याचे प्रथम नाकारले होते. त्रिंबकजींचे बोलावणे पुन्हा आले, शास्त्री गेले, आणि दर्शन घेऊन परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांस गाठले. त्या वेळी वेरुळास असलेले पुणे दरबारचे इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन साहेब यांनी पुढे तहकीकात करून संशय त्रिंबकजींवर ठेविला, बाजीरावांनी नाइलाजाने त्यांस इंग्रजांच्या हवाली केले, ठाण्याच्या किल्ल्यात ते कैदेत पडले आणि १८१६ साली तेथून निसटलेही. अखेर पुन्हा पकडले जाऊन चुनारच्या किल्ल्यात त्यांचे आयुष्य संपले, पण खुनाचा रीतसर खटला त्यांच्यावर कधी उभाच राहिला नाही. या एका रात्रीने पेशवाईच्या अंतास किती हातभार लावला, हा वाद इतिहासकारांचा. कथालेखकाने एवढेच ध्यानी घ्यावे, की पुन्हा आलेल्या बोलावण्याइतका उत्कृष्ट दुवा कल्पनेनेही सहजी सुचत नाही.

ज्या बडोद्याचा वकील असा मारला गेला, त्याच बडोद्याने पुढे शंभर वर्षांच्या आतच ग्रंथालयांच्या बाबतीत साऱ्या हिंदुस्थानास धडा घालून द्यावा, हा योगायोग म्हणावयाचा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या तज्ज्ञास आणून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले आणि खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या. आमच्या इलाख्यात रत्नागिरीस १८२८ पासून, नाशकास १८४० पासून आणि पुण्यास १८४८ पासून वाचनालये होती खरी, पण ती साहेबलोक, वकील, शिक्षक आणि पेन्शनर यांच्या वर्गणीवर चालणारी; तालुक्याच्या आणि त्याखालच्या गावांपर्यंत हे लोण पोहोचविण्याची सरकारी मसलत १९३९ च्या फैजी समितीपासून सुरू झाली, आणि तिला कायद्याचा आधार मिळाला तो १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने. तेव्हापासून अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गानुसार अनुदान, आणि अनुदानासाठी तपासणी, अशी वहिवाट पडली.

आता गंमत अशी, की ज्ञानप्रसाराच्या उदात्त हेतूने स्थापन झालेल्या या संस्थांचे वर्गणीदार टिकविले ते ज्ञानकोशाने नव्हे. गोविंदशास्त्री दातारांच्या कादंबऱ्यांतील भुयारे आणि गुप्त कट यांनी पहिली पिढी खिळवून ठेविली. मग बाबूराव अर्नाळकर आले आणि हजारांहून अधिक रहस्यकथांनी त्यांनी कपाटेच्या कपाटे व्यापून टाकिली. झुंजार, त्याची विजया आणि नेताजी, तसाच काळा पहाड, ही मंडळी सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या पोरालाही घरच्यासारखी होती. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद यांनी ती गादी चालविली. कार्यकारी मंडळातील वडीलधारे या पुस्तकांस हलकी म्हणून नाक मुरडीत, आणि तीच पुस्तके बांधणी उसवून, पाने गळून, पुन्हा कापडी पाठ लावून घेऊन, फिरत राहत. मला स्वतःला या दांभिकपणाविषयी राग नाही. त्याने गावात दोन पैसे आणि चार वाचक शिल्लक राहिले. परंतु झुंजार मुंबईच्या मोटारींत हिंडला, कॅप्टन दीप दूरदेशी गेला. ज्या टेबलावरून तो वाचकाच्या हाती पडे, ते टेबल मात्र कथेबाहेरच राहिले.

इंग्रजांची गोष्ट याहून निराळी. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३० साली सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यातील मिस मार्पल या चौकस वृद्धेस कादंबरीत आणिले; तिच्याच १९४२ च्या एका कादंबरीत प्रेत सापडते ते ग्रंथालयात, पण तो एका निवृत्त कर्नलच्या हवेलीतील खासगी ग्रंथसंग्रह आहे, वर्गणी भरून कोणीही पाय ठेवावा अशी जागा नव्हे. आमच्याकडे या जातीच्या सर्वांत जवळ गेले ते भा. रा. भागवत, त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, सोलापूरच्याच वाटेवरचा. भागवतांनी लिहिले मुलांसाठी, पण खेड्याचा हुन्नर हेच तपासाचे हत्यार ठरू शकते हे त्यांनी सिद्ध केले.

प्रौढांसाठी हेच काम करावयाचे तर वाचनालयाचे दप्तर उघडावे. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा जन्म आहे, देवघेवीच्या नोंदीत त्याचा प्रवास आहे, आणि गहाळ पुस्तकांच्या यादीत त्याचा मृत्यू. अमुक ग्रंथ अमुक इसमाने कोणत्या तारखेस नेला, त्यानंतर कोणी, आणि मधले पान कोणाच्या हाती असताना फाटले, याचा इतका चोख पुरावा पोलीस चौकीच्या रोजनिशीतही मिळणे नाही. शिवाय येथे खून लागतच नाही: तपासणीच्या आदल्या दिवशी नाहीशी झालेली वही, एखाद्या गढीतून देणगीदाखल आलेल्या पेटीतील मोडी कागद, इनामाच्या वादात अडकलेले दोन भाऊबंद, आणि निवडणुकीच्या हंगामात अचानक वाढलेली सभासदसंख्या, एवढ्यावर चार भाग निघतील. तपास करणारी व्यक्ती म्हणून मी ग्रंथपालास पसंत करीन, अध्यक्षास मुळीच नाही. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी टेबलामागे बसणारी ती बाई किंवा बुवा गावातील प्रत्येक घराची आवड जाणतो, आणि कोणते पुस्तक कोणी नेले हे बायकोपासूनही लपविणारा गृहस्थ त्याच्यापासून लपवू शकत नाही. मोडी वाचणारा एक निवृत्त शिक्षक त्याच्या जोडीला द्यावा, म्हणजे पेटीतील कागदांचाही निकाल लागेल.