कचरा कुणाचा?

आता गावोगावी घंटागाडी येते. तिचं काम कुणाला द्यायचं, यावर आमच्या गटात बोलणं निघालं, म्हणून हा पुण्याचा इतिहास सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं पुण्यात आली. त्यातल्या अनेक दलित बायांनी कुंडीतला कागद, काच, पत्रा वेचून लेकरं जगवली. १९९३ साली बाबा आढावांच्या साथीनं त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. पुढे महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली.

२००० साली नियम आला, कचरा घरोघरी जाऊन गोळा करा. कुंड्या हटणार, ठेकेदाराच्या गाड्या येणार, मग वेचायचं काय? बायांनी ठरवलं, हे काम आपणच करायचं. त्यांनी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. घरटी महिन्याचे पैसे आणि भंगाराची कमाई त्यांच्याच हाती आली. पण करार मुदतीचा. मुदत संपत आली की ठेकेदाराची धास्ती पुन्हा असतेच.

म्हणून आम्ही ठरवलंय, ग्रामसभेत ठेक्याचा विषय आला की गप्प बसायचं नाही. आधी विचारायचं, आज जी बाई कचरा वेचून पोट भरते, तिचं काय?