जरीपटका ते राष्ट्रपतींचे निशाण

5 नोव्हेंबर 1817. खडकीच्या लढाईत पेशव्यांचे निशाण, म्हणजे जरीपटका, मोरो दीक्षित मराठे यांच्याकडे होता. फौज पुण्यातून निघतानाच त्याची काठी मोडली, असे इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. दीक्षित त्या दिवशी रणात पडले.

निशाणाला एवढे मोल का, ते अशा लढायांत कळते. तोफांच्या धुरात शेजारचा माणूस दिसत नसे, हुकूम ऐकू येत नसे. निशाण उभे दिसले की आपली माणसे कुठे आहेत ते कळे. ते पडले की धीर सुटे, म्हणून शत्रूचा रोखही तिकडेच.

इंग्रजांच्या फौजेतही निशाणाला असेच मोल होते. आज भारतीय सैन्यात असलेल्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची सर्वांत जुनी तुकडी, जंगी पलटण, त्याच फौजेतली, 1768 ची. इंग्रजी रीतीने पलटणीला दोन निशाणे मिळत, एक राजाचे आणि एक पलटणीचे. गाजवलेल्या लढायांची नावे निशाणावर रेशमाने भरली जात. याच रेजिमेंटच्या ‘काली पाचवीं’ पलटणीने 1840 मध्ये बलुचिस्तानात काहूनचा किल्ला वेढ्यात महिनोन्‌महिने राखला आणि त्याबद्दल तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. रायफल पलटणींना मात्र निशाण नसते. आडोशाने लढणाऱ्यांना ते परवडणारे नव्हते.

लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या आणि निशाण रणांगणातून मागे गेले. याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीपाशी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणले, तेव्हा समोर निशाण नव्हते. तरी सेनिओचे नाव आज रेजिमेंटच्या रणसन्मानांत आहे. मला निशाणाचा हाच अर्थ पटतो: जे घडले, ते पुढच्यांच्या हाती सोपवणे.

23 नोव्हेंबर 1950 ला राजाची निशाणे देहरादूनच्या लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमध्ये सन्मानाने ठेवली गेली. हे फार बरे झाले. मुकुट परका होता, पण त्याखाली सांडलेले रक्त आपल्या गावांतले होते. आता निशाण राष्ट्रपतींचे. ते देताना सर्व धर्मांचे धर्मगुरू प्रार्थना करतात.

रेजिमेंटचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा पोरगा भरती झाला की आपल्याच स्टेशनावरून मिरजमार्गे तिकडे जातो. प्रशिक्षण संपले की कसम परेड होते, आणि त्या दिवसापासून पलटणीची इज्जत त्याच्याही खांद्यावर येते.