खांदेरी: लढाई कोणाची, बेट कोणाचं?

आपल्या तात्यापाऱ्यापासून समुद्र फार लांब. पण खांदेरीच्या लढाईतला मुख्य प्रश्न जमिनीवरच्या सैनिकालाही लगेच कळतो: रसद पोहोचली का?

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन छोटी बेटं आहेत. मुंबई बंदरात येणारी-जाणारी गलबतं खांदेरीवरून दिसतात. म्हणूनच १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकुमानं मायनाक भंडारी तिथं उतरले आणि तटबंदीचं काम सुरू झालं. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी बेटाला वेढा घातला. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

१८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार चालून आलं. इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागलं, त्यांची इतर काही गलबतं मागे हटली. पण कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’नं तोफांचा असा मारा केला की मराठी आरमाराला खाडीत परतावं लागलं. त्या दिवसापुरता निकाल मांडला, तर खुल्या समुद्रात इंग्रजांच्या मोठ्या तोफा भारी पडल्या. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पण मराठ्यांना ‘रिव्हेंज’ बुडवायचं नव्हतं, बेट राखायचं होतं. मोठं जहाज वाऱ्यावर अवलंबून, त्याला खोल पाणी लागतं. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवरही चालत, उथळ पाण्यात शिरत. रात्रीच्या अंधारात त्या दाणागोटा, दारूगोळा आणि माणसं बेटावर पोहोचवत राहिल्या. तट चढत गेला. वेढ्याचा खर्च मुंबईला झेपेना. अखेर १६८०च्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

म्हणून लढाईचा हिशेब करताना आधी उद्दिष्ट विचारावं. किती जहाजं बुडाली, हा त्यानंतरचा प्रश्न. रात्री होड्या हाकणाऱ्या त्या दर्यावर्दींची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण किल्ला त्यांच्या वल्ह्यांवर उभा राहिला. आज भारतीय नौदलाची एक पाणबुडी ‘खांदेरी’ नाव मिरवते, त्यात त्यांचाही वाटा आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्याच जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा रोखल्या. एक बेट राखलं, तरी शेजारचं मोकळं सोडून चालत नाही.