चांगीच्या तोफा



सिंगापूर कां पडलें, असें वर्गांत विचारलें म्हणजे एक ठराविक उत्तर येई : "तेथील तोफांचीं तोंडें समुद्राकडे होतीं, आणि शत्रु आला पाठीमागून!" मीहि वर्षानुवर्षें मुलांस हेंच सांगत आलों. उत्तर सुटसुटीत आहे. पण तें पुरतें खरें नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर जपानचें आरमार प्रबळ झालेलें पाहून इंग्रजांनीं सिंगापूर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मोठें आरमारी ठाणें बांधलें. इ. स. १९३८ सालीं त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या रक्षणासाठीं बसविलेल्या तोफांत पांच तोफा १५ इंची होत्या : तीन पूर्वेस चांगी येथें व दोन नैर्ऋत्येस बुओना व्हिस्टा येथें. जोहोरच्या सुलतानांनीं दिलेल्या देणगीवरून चांगीच्या मोर्च्यास 'जोहोर बॅटरी' हें नांव पडलें. एकेक गोळा सुमारें ८८० किलो वजनाचा, आणि पल्ला ३० किलोमीटरांहून अधिक! शत्रूचें आरमार समोरून येण्यास धजूं नये, हा हेतु. आणि तो सफळहि झाला. जपानी समोरून आलेच नाहींत.

८ डिसेंबर १९४१ रोजीं ते मलायांत कोटा भारू येथें उतरले, आणि दोन महिन्यांत सारें द्वीपकल्प पादाक्रांत करून ८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्रीं सामुद्रधुनी ओलांडून बेटावर आले. त्या वेळीं चांगीच्या तोफा मुकाट राहिल्या काय? नाहीं. त्यांतील निदान दोन मागें वळल्या व बेटाच्या पश्चिम भागावर आणि बुकित तिमाकडे मारा करूं लागल्या. बुओना व्हिस्टाच्या तोफांस मात्र तसें वळतां आलें नाहीं.

मग चुकलें कोठें? चुकलें गोळ्यांत. युद्धनौकेचें पोलादी चिलखत भेदून आंत शिरल्यावर फुटावा, अशी त्या गोळ्याची रचना होती. मऊ जमिनींत तो खोल रुते. पायदळाची हानि त्या मानानें थोडी होई. फौजेवर चालणारे स्फोटक गोळे या थोर तोफांसाठीं जवळजवळ नव्हतेच. अखेर गोलंदाजांनीं आपल्याच हातांनीं आपल्या तोफा उडवून दिल्या, आणि १५ फेब्रुवारीस जनरल पर्सिव्हल शरण गेले. शत्रूच्या हातीं सांपडलेल्यांत हजारों हिंदी सैनिक होते. त्यांतील कित्येक पुढें आझाद हिंद सेनेंत गेले, कित्येकांनीं बंदिवासांतच देह ठेवला. योजनेंतील चुकीचें मोल असें शिपायास द्यावें लागतें.

चांगीच्या मोर्च्याचीं भुयारें पुढें विस्मृतींत गेलीं, इ. स. १९९१ सालीं तीं पुन्हां सांपडलीं. आतां कोणी मुलानें तें जुनें उत्तर दिलें, तर त्यास म्हणावें : "बाळ, तोफ वळली होती. तींत कोणत्या शत्रूसाठीं केलेला गोळा भरला होता, तें विचार."