न दुखणारा पाय

मनुष्याच्या शरीरांत पायाइतका राबणारा आणि पायाइतका उपेक्षित असा दुसरा अवयव क्वचितच असेल. दांत दुखूं लागला तर आपण दुसऱ्या दिवशीं दंतवैद्याकडे जातों. परंतु तळव्याला कुरूप झालें, टांचेला भेगा पडल्या किंवा आंगठ्याचें नख मांसांत रुतलें, तर घरांतील पातें आणि शेजाऱ्याचा सल्ला यांवरच आपण वेळ निभावून नेतों. ह्या उपेक्षेला एक कारण आहे. पाय दुखला कीं मनुष्य लंगडतो. लंगडल्यानें दुखऱ्या जागेवरचा भार कमी होतो. आणि भार कमी झाला कीं बहुतेक वेळां दुखणें आपोआप बरें होतें. म्हणजे पायाचा पहिला वैद्य स्वतः वेदनाच होय. ही वेदनाच नाहींशी झाली तर काय होतें, आणि तिच्या जागीं मनुष्यानें दुसरा पहारेकरी कसा बसविला, ह्याचा इतिहास आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. त्याचें एक मोठें प्रकरण आपल्याच देशांत घडलेलें आहे.

पायाची निगा राखण्याचा धंदा युरोपांत बराच जुना. १७८५ सालीं लंडनमध्यें डेव्हिड लो नांवाच्या गृहस्थानें ह्या विषयावर पुस्तक लिहून ‘किरॉपॉडिस्ट’ हें भारदस्त नांव रूढ केलें. पुढें लुइस डर्लाकर हा त्या धंद्यांतील नामांकित पुरुष झाला. चौथा जॉर्ज, चौथा विल्यम आणि राणी व्हिक्टोरिया ह्या तिघांच्याहि पायांची व्यवस्था त्याच्याकडे होती. १८४५ सालीं त्यानें कुरूपें, आंगठ्याच्या मुळाशीं येणाऱ्या गांठी आणि नखांचे विकार यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क येथें १८९५ सालीं आणि लंडन येथें १९१२ सालीं ह्या धंद्याच्या संस्था स्थापन झाल्या. पुढें शाळा निघाल्या, परीक्षा सुरू झाल्या. आज ह्या लोकांस पोडिआट्रिस्ट म्हणतात. आपण त्यांना पादचिकित्सक म्हणूं.

ह्या लोकांनीं अनुभवानें एक गोष्ट ओळखली होती. कुरूप किंवा घट्टा हा मूळ रोग नव्हे. एकाच जागीं वारंवार दाब पडला असतां त्वचा स्वसंरक्षणार्थ जाड होते, आणि तो जाडपणाच पुढें खड्यासारखा आंत रुतूं लागतो. म्हणून त्यांची चिकित्सा दोन अंगांची असे. पहिलें अंग, धारदार पात्यानें मृत त्वचेचे थर एकेक करून तासून काढणें. दुसरें अंग, त्या जागेवरचा भार काढणें; म्हणजे भोंवतीं नमद्याची चकती बसविणें, जोड्याचा आकार बदलणें, बोटांना मोकळी जागा देणें. जोडा तोच राहिला तर कुरूप कितीहि वेळां तासलें तरी पुन्हां येणार. ‘तासणें’ आणि ‘भार काढणें’ हे दोन शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील सारी कथा ह्या दोहोंभोंवतींच फिरते.

आतां न दुखणाऱ्या पायाकडे वळूं. मधुमेह, कुष्ठरोग आणि मज्जारज्जूचे कांहीं विकार यांत पायाच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचा नाश होतो. असा मनुष्य घट्ट्यावर पाय देऊन खुशाल चालतो. घट्ट्याखालचें मांस चिरडतें, तेथें क्षत पडतें, तरी तो चालतच राहतो, आणि शेवटीं व्रण हाडापर्यंत पोंचतो. अशा व्रणांविषयीं लंडनचे शस्त्रवैद्य फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं १८८४ सालीं लिहिलें. रोग्यास बिछान्यावर ठेवावें, पोटिसानें जाड कातडी मऊ करून ती पुनःपुन्हां तासावी, आणि व्रण भरल्यावर पादत्राणांची काळजी घ्यावी, असा त्यांचा उपाय होता. तीनच वर्षांनीं, १८८७ सालीं, प्राइस नांवाच्या डॉक्टरांनीं एका मधुमेही रोग्याच्या दोन्ही पायांवरील अशाच व्रणांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्ञान होतें, पण तें विखुरलेलें राहिलें, आणि अशा कित्येक पायांचा शेवट करवतीखालींच होत राहिला.

कुष्ठरोग्याच्या बाबतींत तर उपायाचा विचारच खुंटला होता. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं ह्या रोगाचे जंतु शोधून काढले. तरीसुद्धां बोटें झडतात तीं रोगामुळेंच, आणि कुष्ठरोग्याचें मांसच सडकें असल्यामुळें त्याची जखम भरावयाची नाहीं, ही समजूत लोकांत व वैद्यांतहि दृढ होती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं कुष्ठसेवेचें व्रत घेतलें. त्या काळीं अशा सेवेंत जखमा धुणें व बांधणें हें न संपणारें काम असे. कारण आज बांधलेली जखम त्याच पायानें उद्यां पुन्हां चालावयाची.

१९४६ सालीं मद्रास इलाख्यांतील वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयांत डॉ. पॉल ब्रँड हे तरुण शस्त्रवैद्य आले. त्यांचा जन्म १९१४ सालीं तामिळ मुलुखांतील कोल्ली डोंगरांत झालेला. लंडन येथें वैद्यक शिकण्यापूर्वीं त्यांनीं कांहीं वर्षें इमारतीच्या धंद्यांत उमेदवारी केली होती, आणि सुतारकामांत बसलेला तो हात पुढें त्यांना फार उपयोगीं पडला. १९४७ सालीं चिंगलपुटच्या कुष्ठधामांत डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्यासमवेत फिरतांना त्यांनीं वाकड्या बोटांचे अनेक हात पाहिले. ह्या व्यंगांचा अभ्यास अस्थिचिकित्सकांनीं केलेला नाहीं हें ऐकून ते चकित झाले. प्रथम त्यांनीं हातांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. परंतु सुधारलेले हातपाय पुन्हां जखमी होऊन येऊं लागले, तेव्हां प्रत्येक नव्या जखमेचा छडा लावण्याचा त्यांनीं निश्चय केला.

ह्या शोधांत जें आढळलें तें साधेंच होतें. कोणीं चुलीवरचें तापलेलें भांडें उघड्या हातानें उचललें होतें. कोणी रुतलेल्या खिळ्यासकट दिवसभर चालला होता. कांहीं रोग्यांच्या बोटांचे तुकडे रात्रींतून नाहींसे होत. पहारा ठेवला तेव्हां कळलें कीं, उंदीर बोटें कुरतडीत, आणि निजलेल्या मनुष्यास जागहि येत नसे. तेव्हांपासून घरीं परतणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याची पद्धत पडली! ब्रँड यांचा निष्कर्ष असा निघाला कीं, कुष्ठरोग्याचें मांस सडकें नसतें. जपलें तर तें तुमच्याआमच्या मांसाप्रमाणेंच भरून येतें. रोगानें पहारेकरी मारला होता. घर लुटलें तें रोजच्या चालण्यानें आणि कामानें.

मग पायाचा व्रण भरावयाचा कसा? भार काढणें हाच उपाय. पण ज्याला दुखत नाहीं त्याला ‘पाय टेकूं नका’ असें सांगून कितीसा उपयोग होणार? १९३० नंतरच्या दशकांत सिंहलद्वीपांत व हिंदुस्थानांत कांहीं डॉक्टरांनीं असा पाय प्लॅस्टरमध्यें बंद करून पाहिला होता. वेल्लोर येथें ह्या उपायाला शिस्त आली. पायाला तंतोतंत बसणाऱ्या प्लॅस्टरमुळें भार साऱ्या तळव्यावर व पोटरीवर वांटला जातो, आणि महिनोन्‌महिने न भरलेला व्रण पुष्कळदां कांहीं आठवड्यांत भरून येतो. शिवाय रोगी आपलें चालणेंफिरणें करूं शकतो.

प्लॅस्टर काढल्यावर रोगी अनवाणी घरीं गेला तर तो परत येणार हें ठरलेलेंच. म्हणून चपलेचा शोध सुरू झाला. लांकूड, कातडें, प्लॅस्टिक, रबर अशा नाना पदार्थांचे प्रयोग झाले. अखेर बारीक बंद छिद्रांचें मऊ रबर पसंतीस उतरलें, आणि कांटा आंत शिरूं नये म्हणून त्याखालीं कठीण तळ बसविण्यांत आला. ह्या ‘मायक्रोसेल्युलर’ रबराच्या चपला पुढें देशभरच्या कुष्ठसेवा संस्थांत पोंचल्या, आणि बधिर पायाच्या रोग्यांना त्या आजहि सरकारी कार्यक्रमांतून दिल्या जातात. व्रण भरून देणारा डॉक्टर थोर खरा. पण तो पुन्हां होऊं न देणारा चपलेचा कारागीर त्याच्याहून कमी योग्यतेचा नाहीं, हें वेल्लोरनें शिकविलें.

१९६६ सालीं ब्रँड अमेरिकेच्या लुइझियाना संस्थानांतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत गेले. तेथें त्यांनीं उंदरांच्या बधिर केलेल्या पंजांवर यंत्रानें दाब देऊन प्रयोग केले. व्रण पडण्यास एकच मोठा आघात लागतो असें नाहीं, हें त्यांत दिसून आलें. मध्यम दाब दिवसाकाठीं हजारों वेळां पडला तर आंतील मांसाला सूज येते; ती ओसरण्यापूर्वींच तोच क्रम पुढें चालूं राहिला, तर थोड्या दिवसांत कातडी फुटते. बधिर पायानें चालणारा मधुमेही मनुष्य रोज हाच प्रयोग स्वतःच्या पायावर करीत असतो.

मधुमेहाच्या चिकित्सकांना ह्या संकटाची जाणीव अगोदरच झाली होती. १९२२ सालीं इन्सुलिनचा उपयोग सुरू झाला, आणि बेशुद्धींत दगावणारे रोगी वांचूं लागले. पण जे वांचले ते पुढें पाय कुजून मरूं लागले. बॉस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन यांनीं १९३४ सालीं ह्या धोक्यावर लेख लिहून, हें दैव नसून मनुष्याची हयगय आहे असें बजावलें. पुढें १९८१ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत डॉ. मायकेल एडमंड्स यांनीं मधुमेही पायांसाठीं स्वतंत्र दवाखाना उघडला. तेथें वैद्य, शस्त्रवैद्य, पादचिकित्सक, परिचारिका व जोडे करणारा कारागीर एकत्र बसून रोगी पाहूं लागले. १९८६ सालीं त्यांनीं हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हां पाय कापण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलेलें दिसलें. १९८९ सालीं इटलींतील सेंट व्हिन्सेंट येथें युरोपांतील प्रतिनिधींनीं हेंच ध्येय साऱ्या खंडासाठीं जाहीर केलें.

आज पादचिकित्सक मधुमेही पाय कसा तपासतो? तो नायलॉनचा एक धागा घेतो. हा धागा १० ग्रॅम दाबाला वांकतो. तळव्यावर ठिकठिकाणीं तो टेकवून, ‘लागतो काय?’ एवढेंच विचारतो. धागा लागत नसेल तर पायाचा पहारेकरी गेला असें समजावयाचें. पायावरील नाडी तो बोटांनीं पाहतो, घट्टा तासतो, नखें सरळ कापतो, तळव्याच्या आकाराचा मऊ थर जोड्यांत बसवितो, आणि व्रण असेल तर प्लॅस्टर घालून भार काढतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळचे दोन उपाय, तासणें आणि भार काढणें, आजहि तेच आहेत. फरक इतकाच कीं, आतां त्यांच्यावर मनुष्याचा पाय, आणि पुष्कळदां प्राणहि, अवलंबून असतो.

आपल्याकडे हा स्वतंत्र व्यवसाय अजून फारसा रुजलेला नाहीं, आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेही लोकांची संख्या १० कोटींवर गेली आहे. तेव्हां पहाऱ्याचें काम बरेंचसें घरींच करावयास हवें. ज्या घरांत मधुमेही वडील मंडळी असतील, तेथें रोज रात्रीं कोणीतरी त्यांचे तळवे उजेडांत पाहावे. ज्यांना वांकवत नाहीं त्यांनीं आरसा जमिनीवर ठेवावा. जोडा घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून खडा पाहावा. गरम पाणी पायानें अजमावूं नये. कुरूप घरच्या पात्यानें कापूं नये, आणि त्यावर दाहक औषधाची पट्टीहि लावूं नये. देवदर्शनाला किंवा प्रदक्षिणेला अनवाणी जावयाचें असल्यास तापलेल्या फरशीचा विचार अगोदर करावा. ‘मला कांहींच दुखत नाहीं’ हें अशा मनुष्याचें उत्तर समाधानाचें मानूं नये. तेंच भयाचें कारण समजावें.

ब्रँड २००३ सालीं वारले. ज्यांना समाजानें गांवाबाहेर घालविलें, ज्यांचें मांसहि सडकें मानलें, त्या माणसांच्या जखमांपासून हें ज्ञान मिळालें, आणि आज शहरांतल्या सुखवस्तु घरांतील पाय त्यानें वांचत आहेत. ह्या ऋणाची आठवण ठेवून आपण निदान आज रात्रीं एकदां आपल्या वडिलांच्या पायांपाशीं बसून ते नीट पाहिले, तर ह्या भाषणाचें सार्थक झालें असें मी समजेन.