‘फॉर्म संपलेत’

पस्तीस वर्षं सहकार खात्यात काढली की पाकिटावरूनच आतला मजकूर ओळखता येतो. आमच्या उपनिबंधक कार्यालयात अपिलाचे कागद घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा पिशवीतून आधी एक न फोडलेलं पाकीट काढायचा. पोस्टाचा शिक्का, गृहनिर्माण संस्थेचा पत्ता आणि पोस्टमनच्या हातचा शेरा : ‘घेण्यास नकार, परत’. आत काय आहे ते विचारावं लागत नसे. सभासदत्वाचा अर्ज. तो दारातूनच परत आलेला असायचा.

मी १९८२ साली कारकून म्हणून लागले. बाहेर गिरण्यांचा संप चालू होता आणि नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत निम्मे पुरुष घरी बसून होते. २०१७ साली निवृत्त झाले. यातली बरीच वर्षं सभासदत्वाच्या अपिलांचं टेबल माझ्याकडे होतं. मुंबईत घर नाकारलं गेल्याची दाद मागायला स्वतंत्र खातं नाही, म्हणून अशी माणसं फिरत फिरत आमच्या दारी यायची. आमचं काम खरं तर निवडणुका, लेखापरीक्षण, थकबाकीचे दाखले यांचं. त्या ढिगातच ही पाकिटं यायची.

जात-धर्म बघून घर नाकारायची ही प्रथा कुठून आली, हे मी नोकरीत असताना हळूहळू वाचत गेले. सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांत सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं गल्ल्या पाडल्या, रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. पुढं दादर-माटुंग्याकडं प्लॉट पाडले गेले तेव्हा हिंदू कॉलनी झाली. मंचेरजी जोशींच्या खटपटीनं पारशांसाठी वेगळी कॉलनी झाली. नावांतच सगळं लिहिलेलं आहे. आपण रोज ती टॅक्सीवाल्याला सांगतो आणि त्यात काही वावगं वाटत नाही.

सहकाराची गोष्ट मात्र गावदेवीत सुरू होते. १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुबराव तळमकींनी सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी काढली. कारवार-मंगळूरकडून नोकरीला आलेली मध्यमवर्गीय कुटुंबं. बऱ्या जागा मिळत नव्हत्या, मिळाल्या तर भाडं परवडत नव्हतं. एकमेकांची ओळख होती, म्हणून एकमेकांच्या भरवशावर पैसे गोळा झाले. अनोळखी माणसाच्या कर्जाला जामीन कोण राहणार? जात हीच पत होती. त्यामुळे तळमकींना मी दोष देत नाही. आमच्या चाळीत भिशी चालायची तीही एकाच तालुक्यातल्या माणसांची. पण पत जमावी म्हणून घातलेलं कुंपण पत जमल्यावर कुणी काढलं नाही, हेही खरं. १९२५ साली मुंबई प्रांताचा स्वतंत्र सहकार कायदा आला. त्याखाली पोटनियमात ‘अमुक समाजाचीच व्यक्ती सभासद होईल’ असं लिहून संस्था नोंदता येत होती.

तळमकींची सोसायटी निघाल्यावर दोनच वर्षांनी, १९१७ साली, बाबासाहेब बडोद्याला संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला माणूस, आणि गावात कुणी खोली देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नावानं राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. संध्याकाळी कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. पुढं तीसच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी राजगृह बांधलं ते दादरच्या त्याच हिंदू कॉलनीत. आमच्या चाळीतून तिकडं चालत जाता येई. वडील मला ते घर दाखवायला न्यायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, ‘बघ, स्वतः बांधलं.’ त्यांचा जोर ‘स्वतः’वर असायचा. तो का, हे मला फार उशिरा कळलं.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. १९७६पासून त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात एक ओळ आहे, ती मला पाठ आहे, पण माझ्या शब्दांत सांगते : अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर बांधू, घेऊ किंवा राहू न देणं हा गुन्हा आहे. सत्तर वर्षांपासून हे कायद्यात आहे. मात्र कारण तेच होतं हे सिद्ध करावं लागतं, आणि कारण कुणी बोलून दाखवत नाही. धर्म, भाषा, मांसमच्छी, एकटी बाई ही कारणं तर त्यात येतच नाहीत.

मग उरतो १९६० सालचा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा. आमचं पोट त्यावर चाललं म्हणून नाही, पण तो खरोखर बरा कायदा आहे. कलम २२ आणि २३ एकत्र वाचायची. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय संस्थेनं सभासदत्व नाकारायचं नाही. नाकारलं तर कारणासह कळवायचं. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तो आपोआप सभासद झाला असं समजायचं. आमच्या भाषेत मानीव सभासद. नकार आला तर दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील. आणि संस्था अर्जच हातात घेत नसेल तर अर्ज निबंधकाकडं द्यायचा, आम्ही तो संस्थेला पाठवायचा, आणि साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा मानीव सभासद. हे कलम ज्यानं लिहिलं त्यानं सोसायट्यांचे सेक्रेटरी जवळून पाहिले असणार.

नव्वदच्या दशकातली एक गोष्ट सांगते. एक शाळामास्तर आले. उपनगरात फ्लॅट घेतलेला, मुद्रांक भरलेला, करारनामा नोंदलेला. आडनावावरून जात कळत होती. सेक्रेटरींकडं तीनदा गेले, तीनदा एकच उत्तर : ‘फॉर्म संपलेत, छापायला टाकलेत.’ मग पोस्टानं पाठवला तर पाकीट परत. मी त्यांना खाली कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पाठवलं, तिथं फॉर्म मिळत असत. आमच्यामार्फत अर्ज रवाना झाला, आवक-जावक बारनिशीत नोंद झाली. साठ दिवस संपायला आले तेव्हा उत्तर आलं : पार्किंगची अडचण असल्यामुळे नवा सभासद घेता येत नाही, सर्वानुमते ठराव. सुनावणीला साहेबांनी विचारलं, ‘यांच्याकडं गाडी आहे का?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘पुढंमागं घेतील.’ मास्तरांकडं सायकल होती.

मास्तर सभासद झाले. त्या वर्षी गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक त्यांच्या मजल्यावर आलं आणि त्यांचं दार वगळून गेलं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. आणि सहा वर्षांनी तेच त्या सोसायटीचे खजिनदार झाले, कारण हिशेब लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

इतक्या वर्षांत मी शेकडो ठराव वाचले. एकाही इतिवृत्तात ‘जात’ किंवा ‘धर्म’ हा शब्द कारण म्हणून पाहिला नाही. पार्किंग, पाण्याची टाकी, आधीच्या मालकाची थकबाकी, साक्षीदाराची सही जुळत नाही, फोटो चिकटवलेला नाही. आमच्याही टेबलावर कागद वेळेत हलत असत असं मी म्हणणार नाही. अपील तीन महिन्यांत संपवावं असं कायदा म्हणतो, पण तारखा पडायच्या. कधी साहेब निवडणुकीच्या कामाला, कधी सोसायटीचे वकील आजारी. कंटाळून फ्लॅट विकून गेलेली माणसंही मी पाहिली, आणि सोसायटीला नेमकं तेच हवं असायचं.

२००५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा झोरोस्ट्रियन सोसायटीचा निकाल आला. अहमदाबादची १९२६ साली नोंदलेली पारशांची संस्था. एका सभासदाला बंगला पाडून बाहेरच्यांना घरं विकायची होती, संस्थेचा पोटनियम आड आला. न्यायालय म्हणालं, पोटनियम टिकतो. संघटना करणं हा नागरिकांचा हक्क आहे, कायद्यात बदल करायचा तर तो विधिमंडळानं करावा. महिन्याभरात या निकालाच्या झेरॉक्स घेऊन वकील आमच्याकडं यायला लागले. आमच्या साहेबांनी एकालाच विचारलं, ‘तुमच्या पोटनियमात तसं लिहिलंय का?’ लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आदर्श उपविधी, म्हणजे नमुन्याचे पोटनियम, जसेच्या तसे स्वीकारले होते. ‘मग हा निकाल तुमचा नाही,’ म्हणाले आणि झेरॉक्स परत दिली. माझ्या मते न्यायालयानं चुकीचा दरवाजा उघडला. पण विधिमंडळाकडं बोट दाखवलं ते बरोबर दाखवलं, आणि त्या बाजूनं अजून काही आलेलं नाही.

हे सगळं झालं विकत घेणाऱ्यांचं. भाडेकरूला यातलं काहीच नाही. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी गोठवली, मग पागडी आली, मग मालकांनी भाडेकरू ठेवणंच सोडलं आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ काढलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना सरकारनं भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्या धसक्यानं अकरा महिन्यांचे करार पक्के रुजले. १९९९चा नवा कायदा आला. यांपैकी एकाही कायद्यात आडनाव ऐकून खोली नाकारू नये असं लिहिलेलं नाही. मालकाची मर्जी. सभासदानं घर भाड्यानं दिलं तर सोसायटीला फक्त कळवायचं असतं. बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. तरी ‘कमिटीला विचारून सांगतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल.

१९८६ साली लग्नानंतर आम्ही दोघं ठाणे-डोंबिवलीला खोल्या बघत फिरलो. दलाल सरळ जात विचारत नसत. ‘गाव कोणतं?’ मग ‘कुलदैवत कोणतं?’ एका बाईंनी चहा केला, खोली आवडली का विचारलं, आणि माझ्या यजमानांनी आडनाव सांगितल्यावर बाईंना आठवलं की पुण्याचा भाचा राहायला येणार आहे. चहा मात्र पिऊ दिला. अखेर वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत निवासस्थान मिळालं. तिथं ज्येष्ठतायादी होती. यादीत ज्याचा नंबर त्याला किल्ली. वर बामण, खाली मुसलमान, समोर कोळी. भांडणं नळाच्या पाण्यावरून व्हायची. तीस वर्षं मी त्या यादीच्या जिवावर शहरात राहिले.

माझा भाचा न्यूयॉर्कला असतो. त्यानं तिथली पद्धत सांगितली तेव्हा मला आमचं टेबल आठवलं. त्या शहरानं १९५७ सालीच खासगी घरांतल्या भेदभावाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, अमेरिकेत सगळ्यांच्या आधी. देशाचा कायदा १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात आला. तक्रारी घ्यायला शहराचा आपला आयोग आहे. आणि पुरावा कसा गोळा करतात? दोन माणसं पाठवतात. एक काळा, एक गोरा, पगार सारखा, कागद सारखे. एकाला ‘जागा गेली’ म्हणाले आणि तासाभरानं दुसऱ्याला किल्ली दाखवली की झालं. अशा नुसत्या चाचणीसाठी गेलेल्या माणसालाही कोर्टात उभं राहता येतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली मान्य केलं. मी नोकरीला लागले त्याच वर्षी. तिथं सगळं आलबेल आहे असं भाचाही म्हणत नाही. पण ‘फॉर्म संपलेत’ला तिथं उत्तर आहे : दुसरा माणूस पाठवून बघायचं, खरंच संपलेत का.

आपल्याकडं २००९ साली एका नावाजलेल्या नटाला धर्मामुळं घर नाकारल्याची तक्रार राज्य अल्पसंख्याक आयोगाकडं गेली, वर्तमानपत्रं चार दिवस भरली आणि प्रकरण मिटलं. सच्चर समितीनं समान संधी आयोग सुचवला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आयोग झाला नाही. मुंबई महापालिका पाण्याचं बिल देते, झाड तोडायची परवानगी देते, कुत्र्याचा परवाना देते. घर नाकारल्याची तक्रार घेणारी खिडकी तिच्याकडं नाही. ती वॉर्ड ऑफिसात असावी, आमच्यासारख्या लेखापरीक्षण तपासणाऱ्यांच्या गळ्यात नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर, ज्यांनी घर विकत घेतलंय आणि सेक्रेटरी टाळतायत, त्यांनी एवढं करावं. हातात अर्ज देत बसू नका. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. अर्जाची एक प्रत सहीनिशी जवळ ठेवा. तारीख कॅलेंडरवर लिहून तीन महिने मोजा. आणि पाकीट परत आलं तर रागानं फाडू नका, फोडूही नका. तसंच बंद उपनिबंधकांच्या टेबलावर ठेवा.